अकरा शुक्रवार आणि एक सोमवार

आमच्या जुन्या युनियन सेक्रेटरीचा मुलगा दरवर्षी दौंडहून दिवाळी अंक काढतो. यंदा घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "आप्पा, कारखान्यातल्या गमतीजमती लिहा की. लोकं आवडीनं वाचत्यात." गमतीजमती म्हणं. एकवीस वर्षं ज्या भोंग्यांनी माझं डोकं खाल्लं त्यात याला गंमत दिसते. तरी बसलोय लिहायला. अट एकच घातली, की माझी वाक्यं सरळ करत बसायचं नाही. माझी शाळा मांडवगण फराट्याला चौथीपर्यंत, आणि चौथीही दोनदा. पण ज्या गोष्टीबद्दल लिहितोय ती शिकलेल्या साहेबांना कळली नव्हती, मला कळली होती. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं कुणाला वाटायचं की म्हातारा फुशारकी मारतोय. मारतोयच.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधाचा कच्चा माल बनवणारा एक कारखाना होता. तिथं मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस. आता हे काय असतं ते सांगतो. कारखान्यात मोठमोठी बंद पातेली असतात, त्यांना रिअ‍ॅक्टर म्हणायचं. आत माल शिजतो. किती तापलाय, किती दाब झालाय हे झाकण उघडून बघता येत नाही, उघडलं तर बघणारा राहत नाही. म्हणून बाहेर काटे असतात. काट्याची वायर कंट्रोल रूममध्ये जाते, तिथं आकडा दिसतो, आकडा हद्दीबाहेर गेला की भोंगा वाजतो. तो काटा, ती वायर आणि तो भोंगा खरं बोलतात का ते बघायचं, हे माझं काम. डॉक्टर रोग्याला तपासतो. मी थर्मामीटरला तपासायचो.

खोटा भोंगा हा खऱ्यापेक्षा वाईट. लोकांना पटत नाही. एकदा रोज संध्याकाळी दोन नंबरच्या रिअ‍ॅक्टरचा भोंगा बोंबलायचा, आणि बघावं तर सगळं गार. साहेबांनी काटा बदलला, वायर बदलली. मी पॅनेल उघडून खुर्ची टाकून बसलो. दिवेलागणीला एक पाल आली आणि उबेला म्हणून वायरींच्या दोन उघड्या पट्ट्यांच्या मधोमध निजली, तशा दोन्ही जोडल्या जाऊन भोंगा बोंबलला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'कारण: पाल.' साहेब म्हणाले, इंग्रजीत लिहा. पण तोवर ऑपरेटर लोकांनी त्या भोंग्यात फडकं कोंबलेलं होतं, आणि ते फडकं पाल गेल्यावरही कुणी काढलं नाही. मीच काढलं. खोट्या भोंग्याचं नुकसान हे असं असतं. तो स्वतः जातो, फडकं मागं ठेवून जातो.

तर शतक बदलल्यानंतरच्या वर्षांत आमच्याकडं कॉम्प्युटर आला. काटे गेले, पडदा आला, पडद्याशेजारी छपाईचं मशिन. दर पाच मिनिटांनी ते एक ओळ छापायचं, इतके वाजले, इतकं तापमान. माल परराज्यात एका औषध कंपनीला जायचा, आणि पिंपांबरोबरच्या कागदाला ती छापलेली पट्टी चिकटवून जायची. औषधाच्या धंद्यात माल नंतर, कागद आधी.

तेव्हा वसाहतीला गुरुवारी लाईट नसायची. साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. गुरुवारी सकाळी सहाला सगळं बंद, शुक्रवारी सहाला चालू. पहिल्याच गुरुवारी कॉम्प्युटर रीतसर बंद केला आणि शुक्रवारी तो उठेना. पुण्याहून माणूस येईस्तोवर दुपार झाली. मग मी शोध लावला. कीबोर्डवर एक चंद्रकोरीचं बटण होतं. ते दाबलं की मशिन बंद होत नाही, झोपतं. खालच्या बॅटऱ्यांवर अख्खा गुरुवार निजतं आणि शुक्रवारी बोट लावलं की डोळे उघडतं. बोरा साहेब, आमचे मॅनेजर, त्यांनी माझी पाठ थोपटली. पुढं या चंद्रकोरीनंच मला गोत्यात आणलं, पण तेव्हा कुणाला ठाऊक.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता कॉम्प्युटर कंपनीनं मशिनमध्ये नवा प्रोग्राम भरला, आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून एक पीडा सुरू झाली. मशिन जागं झालं की पहिली ओळ तापमानाची यायची नाही. इंग्रजीत वॉर्निंग यायची. मला इंग्रजी येत नाही, पण ती अक्षरं आमच्या पिंपांवर असतात म्हणून ओळखीची. साहेबांनी वाचून सांगितलं, "नोंद तुटली आहे, मधल्या नोंदी तपासा." तपासल्या. काही तुटलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. कंपनीला फोन केला तर तिकडून, "असं कुठंच येत नाही, तुमच्याकडंच कोणीतरी काहीतरी करत असणार." तीन फोन, तेच उत्तर.

शुक्रवारच्या पहिल्या पाळीला युसूफ असायचा. युसूफ दौंडचा, रेल्वे लायनीपलीकडं घर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बॉयलरपासून वर आलेला ऑपरेटर. शुक्रवारची पहिली पाळी म्हणजे गार पडलेला कारखाना तापवायची पाळी. तेल तापव, पंप सोड, चार तास पाय टेकायला मिळत नाही. ती कुणालाच नको असायची. युसूफ दर शुक्रवारी आपणहून घ्यायचा. बदल्यात दुसऱ्या पाळीचा माणूस दोनऐवजी एकला यायचा आणि युसूफ जुम्म्याच्या नमाजाला जायचा. कारखाना मिनिटभरही मोकळा राहत नव्हता. रजिस्टरवर मात्र सही दोनची. हा तह मीच जमवून दिला होता, सहा वर्षं बिनबोभाट चालला होता.

तर वॉर्निंग युसूफच्याच पट्टीवर यायची. चौथ्या का पाचव्या शुक्रवारी, महिन्याभराचा माल निघायच्या आधी, तो मला म्हणाला, "आप्पा, शुक्कुरवारच्या ह्या पट्ट्या अशाच चिकटवू का? गिऱ्हाईक इचारंल."

मी वैतागलेलो होतो. म्हणलं, "समद्यांची वरची वीतभर फाड आन् बाकीची चिकटव, फुडं बी तसंच. माल चांगला हाय, मशिन खुळं हाय. खुळ्याचं काय मनावर घ्यायचं."

"साहेबांना सांगू?"

"मी हाय ना."

मी हाय ना. एवढे तीन शब्द. फडकं कोंबणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या दिल्या आणि माझ्या हातानं फडकं कोंबलं ते असं.

दिवाळी झाली. गिऱ्हाइकाचा तपासनीस आला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यानं मालाबरोबर गेलेल्या पट्ट्या बॅगेतून काढल्या, प्रत्येक शुक्रवारच्या पट्टीचं वरचं टोक बोटानं चाचपलं. मशिनची कात्री सरळ कापते, ही टोकं हातानं फाडलेली. मग मशिनच्या पोटातला हिशोब काढला. बारा वॉर्निंगा दिलेल्या, कागदावर एकही नाही. आकडा मोजला, वार कुणी बघितले नाहीत. त्याच्या लेखी चित्र सरळ होतं: ऑपरेटर नोंद बंद पाडतो, मधे माल बिघडवतो आणि सापडू नये म्हणून कागद फाडतो.

बोरा साहेबांच्या केबिनमध्ये सगळे उभे. साहेबांनी विचारलं, "युसूफ, कागद कोणी फाडला?"

"मी फाडला साहेब."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

युसूफनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मीच फाडला."

आणि मी, ज्याला गावात कुणी गप्प करू शकलेलं नाही, तिथं गप्प उभा राहिलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाठ थोपटलेली आठवत होती बहुतेक.

युसूफला घरी बसवलं. चौकशीचं पत्र हातात. नुसती नोकरी गेली असती तर त्यानं दुसरी धरली असती. पण औषधाच्या धंद्यात 'रेकॉर्डला हात लावणारा' असा शिक्का बसला की अख्ख्या वसाहतीत कुठलं गेट उघडत नाही. त्याला बॉयलर आणि रिअ‍ॅक्टर सोडून दुसरं काही येत नव्हतं. तीन पोरं शाळेत.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. बायको म्हणाली, "त्वांड उघडायचं तवा उघडत न्हाई, आन् घरात भांडी आपटताय." रविवारी दौंडला गेलो. युसूफ खाटेवर बसून पोरीच्या सायकलची चेन लावत होता.

"या आप्पा. च्या टाकायला सांगतो."

"च्या नको. मी उद्या साहेबांकडं जातोय. फाड म्हणून मीच सांगितलं, हे सांगतो."

"आन् मग? मी बी घरी, तुमी बी घरी. त्यापरीस मशिन का वरडतंय ते शोधा की. त्ये तुमचं काम हाय."

हे त्यानं एवढ्या सहज म्हणलं की मला लाज वाटली. म्हणलं, "शोधू कशावरनं? पट्ट्या तर फाडून टाकल्या."

तो आत गेला आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आला. झाकण काढलं. आत सगळ्या पट्ट्या, घडी घालून, एकावर एक.

"टाकल्या न्हाईस?"

"लिवलेला कागद पायाखाली यायला नको. अब्बांनी लहानपणापास्नं शिकवलंय."

आमच्यातही कागदाला पाय लागला की पाया पडतात. पण मी फाड म्हणालो तेव्हा मला ते आठवलं नव्हतं.

पट्ट्या खाटेवर ओळीनं मांडल्या. आकडे मला वाचता येतात, तारखाही. अकरा पट्ट्या शुक्रवारच्या, सगळ्या सहा वाजून दोन-चार मिनिटांच्या. मधला एक शुक्रवार गायब.

"ह्या शुक्रवारची कुठाय?"

युसूफनं डोकं खाजवलं. "तवा आलीच न्हाई. त्या गुरवारी जनरेटर लावून कारखाना चालवला व्हता बघा, मालाची घाई व्हती म्हणून."

मी सावरून बसलो. बारावी पट्टी उचलली. तारीख सोमवारची.

"ही कसली?"

"ही माझी न्हाई. दिवाळीची दोन दिस सुट्टी झाली, नंतरचा सोमवार. मी रजेवर व्हतो. तुमीच मशिन उठवलं आन् तुमीच फाडली. मंगळवारी टेबलाखाली पडलेली गावली."

तेव्हा मला दिसलं. खोट शुक्रवारात नव्हती, युसूफमध्ये नव्हती. मशिन जेव्हा जेव्हा लांब झोपलं, तेव्हा तेव्हा उठल्यावर ओरडलं. झोपलं नाही, ओरडलं नाही. झोपवायची अक्कल माझी. जगात दुसरीकडं कुठं ही मशिनं झोपवत नसणार, रात्रंदिवस चालत असणार, म्हणून 'असं कुठंच येत नाही.'

निघताना युसूफ दारापर्यंत आला. "आप्पा, सगळं सांगा. फकस्त शुक्कुरवारी एकला जातो तेवढं नगा काढू."

"खुळा का काय. त्याचा इथं काय संबंध."

सोमवारी डबा घेऊन बोरा साहेबांपुढं बसलो. चंद्रकोरीचं सांगितलं, फाड म्हणल्याचंही सांगितलं. साहेब तांबडे झाले, पण ऐकत राहिले. मग म्हणाले, "आप्पा, मशिन झोपेमुळं ओरडतं हे घटकाभर मानू. पण प्रत्येक शुक्रवारी पहिल्या पाळीला हाच का? दुसरं कोणी कधीच कसं नाही? मला तर ठरवून केल्यासारखं वाटतंय."

आता सोमवारची पट्टी माझ्या खिशात होती. ती काढून टेबलावर ठेवली असती तर प्रश्न तिथंच मिटला असता. पण मला माझं उत्तर पुरतं, कुठं भोक न राहता मांडायचं होतं. पॅनेल उघडलं की शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलायची माझी सवय. मी सांगून बसलो, की पाळी तो का घेतो, बदल्यात एकला कोण येतं, सही दोनची का. सगळं. आणि मग खिशातून सोमवारची पट्टी काढली.

साहेबांनी पट्टी बघितली. म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलं?" आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते पट्टीबद्दल नव्हतं.

बुधवारी कॉम्प्युटर कंपनीची इंजिनियर आली, पाटणकर मॅडम. पंचविशीची असेल. मला वाटलं, पोर पाठवून आमची बोळवण केली. तिला वाटलं असणार, म्हातारा पुढं करून हे आपली बोळवण करतायत. तिनं चंद्रकोर दाबली, दहा मिनिटांनी उठवलं. वॉर्निंग नाही.

"बघा काका. झोपेचा काही संबंध नाही."

"मॅडम, म्हशीला दहा मिनिटं दावणीला बांधून उपाशी म्हणत्यात का? दिवसभर निजू द्या."

"दिवसभर कशाला थांबायचं?"

"उद्या गुरवार हाय. थांबायलाच लागंल."

गुरुवारी सकाळी तिनं स्वतः मशिन झोपवलं. कंट्रोल रूमला मी कुलूप लावलं, किल्ली बोरा साहेबांकडं. शुक्रवारी सहाला आम्ही तिघं आत. तिनं बोट लावलं. छपाईचं मशिन खरखरलं आणि पहिलीच ओळ, वॉर्निंग. खोलीत युसूफ नव्हता. तो दौंडला घरी होता.

मॅडमनी बॅग उघडली, स्वतःचा कॉम्प्युटर जोडला आणि खुर्ची ओढली. दुपारपर्यंत मान वर केली नाही. मग मला बोलावून समजावलं, आणि खरं सांगतो, त्या कारखान्यात मला कुणी एवढं नीट समजावलं नव्हतं.

"काका, कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात खाली एक मूळ प्रोग्राम असतो. कर्नल म्हणतात त्याला. बाकी सगळे त्याच्या जिवावर चालतात. त्याच्यातच नोंदी ठेवणारा एक भाग आहे. कधी काय झालं ते लिहितो, आणि मागच्या नोंदीपासून किती वेळ गेला ते मोजतो. अंतर सहा तासांच्या वर गेलं की त्याला वाटतं, मधलं पान कोणीतरी फाडलं. मग तो ओरडतो."

"आन् झोपल्याचं?"

"ते त्याला कोणी सांगतच नाही. मशिन झोपतं तेव्हा तोही झोपतो."

"म्हंजी वॉचमन सोताच निजला, उठून घड्याळ बघितलं आन् बोंबलला, चोर आला म्हणून."

ती हसली आणि ते तिच्या वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "सोपं आहे. वॉर्निंगची ओळच काढून टाकते. पाच मिनिटांचं काम."

"न्हाई काढायची."

"अहो, खोटी आहे ना ती?"

"आज खोटी हाय. उद्या कुणी खरंच पान फाडलं तर वरडायचं कुणी? जीभ कापू नका. निजताना त्याला सांगून निजवा, उठताना सांगून उठवा. येवढं जमंल का?"

बोरा साहेब घड्याळ बघत म्हणाले, "आप्पा, काढून टाकू द्या ना. झालं की काम." मी हललो नाही. पालीच्या वेळचं फडकं सांगितलं. मॅडम म्हणाली, "काका बरोबर बोलतायत. पण वेळ लागेल."

शनिवार संध्याकाळपर्यंत लागला. तिनं असं केलं, की मशिन झोपायच्या आधी मूळ प्रोग्रामनं नोंदवाल्याला एक ओळ द्यायची, 'झोपतोय.' उठलं की दुसरी, 'उठलो, इतका वेळ झोपलो.' आणि वेळेची मोजणी तिथून नव्यानं. ह्या दोन ओळी नसताना अंतर पडलं, तर मात्र बेलाशक ओरडायचं. ते तपासायला आम्ही मुद्दाम मधल्या नोंदी पुसून बघितल्या. बरोबर ओरडलं. आयुष्यात भोंगा वाजल्यावर बरं वाटलं ते त्या एका वेळी.

पुढच्या शुक्रवारी सहाला युसूफनं मशिन उठवलं. त्याचं पत्र मागं घेतलं होतं, तपासनीसानं लिहून दिलं होतं की ऑपरेटरचा दोष नाही. मला एक मेमो मिळाला, कागद फाडायला सांगितल्याबद्दल, आणि तो योग्यच होता. छपाईचं मशिन खरखरलं, झोपेच्या दोन ओळी आल्या, तिसरी ओळ तापमानाची. वॉर्निंग नाही. युसूफ ओळ वाचून म्हणाला, "निजलं ते कबूल तरी करतंय आता."

त्याच दिवशी कंट्रोल रूमच्या दारावर नोटीस लागली. पाळी संपायच्या आत कोणीही जागा सोडू नये, आणि बदली माणसानं वेळेआधी आत येऊ नये. खाली बोरा साहेबांची सही. शुक्रवारची पहिली पाळी मात्र युसूफकडंच राहिली, कारण ती त्याला उत्तम येते, असं साहेबांचं म्हणणं.

मी साहेबांकडं तीनदा गेलो. "आता कागदावर आलं आप्पा, मी काय करणार," हे उत्तर तीनदा ऐकलं. साहेबांची बदली होईपर्यंत नोटीस दारावर होती. पाटणकर मॅडमनं फोनवर सांगितलं, की तिच्या कंपनीनं ती दुरुस्ती आता सगळीकडच्या मशिनांत घातली. मी अभिमानानं गावभर सांगितलं. युसूफला सांगायला गेलो तो शुक्रवार होता, दुपारचा एक वाजून गेलेला.

तो पडद्यापुढं उभा होता. ऐकून घेतलं, मान हलवली. "चांगलं झालं. मशिनला तुमी बरोबर शिकवलं आप्पा, कवा वरडायचं आन् कवा गप बसायचं."

"व्हय."

"तुमाला कुणी शिकवायचं?"

आवाजात राग नव्हता. तो वळला आणि तापमान वहीत लिहायला लागला. मी बाहेर आलो. दाराशी बाकावर दुसऱ्या पाळीचा माणूस सवयीनं लवकर येऊन बसला होता, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन, दोन वाजायची वाट बघत.